बकलातल्या अक्षता

मरोळ गाव, अंधेरी (पूर्व)

परमपूज्य युस्टेस मामा,

तुला नि मामीला माझा मोठ्ठा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? उत्तनच्या वाऱ्याने बरा वाटत असेल तर तिथेच राहा, पण रविवारी मात्र इकडे ये. (परमपूज्य वाचून दचकू नकोस, काम आहे, शेवटी सांगते.) फोनच केला असता, पण आमच्या घराच्या भिंतींना कान आहेत आणि ते दोन्ही मम्मीचे आहेत.

तर मामा, आमची गाडी पास झाली! पास! कॉलेजच्या पोरांनी स्वतः बनवलेली रेसगाडी, आणि तिची ड्रायव्हर कोण, तर तुझी भाची. मम्मीला वाटतं मी ती फक्त रंगवते. सगळं अडलं होतं सीटच्या पट्ट्यांवर. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, दोन मांड्यांमधून, आणि सगळे पोटापाशी एका बकलात. बकल फिरवलं की सगळे एकदम सुटून ड्रायव्हर पाच सेकंदांत बाहेर यायला हवा, नाहीतर रविवारी गाडी शर्यतीला मैदानात उतरणार नाही, असं तपासणीवाल्या श्यामकांत सरांनी ठणकावलं होतं. (हे सर हसले तर कॉलेजात बातमी होते.)

आमचा कॅप्टन मुकुल, माणूस सोन्यासारखा पण उंचीने ताडमाड. खांद्याचे पट्टे ज्या दांड्याला बांधायचे, त्याची उंची ठरवायला हा शहाणा स्वतःच सीटवर बसला आणि साकीनाक्याच्या वर्कशॉपात दांडा वेल्ड करून मोकळा झाला. मी बसले तर पट्टे माझ्या कानांवरून! म्हटलं, अरे येड्या, गाडी चालवणार कोण? मग दांडा कापला, मला बसवून पुन्हा माप घेतलं, पुन्हा वेल्ड केलं. कमरेचा पट्टा पोटावर नाही, हाडावर बसायला हवा, तोही माझ्या मापाने बसवला. एकदम झकास.

दसऱ्याला गाडी वर्कशॉपातच होती. तिथे सगळ्या मशिनींची पूजा, मग आमच्या गाडीचीही. मुकुलने झेंडूचा हार घातला आणि नव्या पट्ट्यांवर लग्नात टाकतात तशा मूठभर अक्षता टाकल्या. मी म्हटलं, आपण का मागे राहायचं? चर्चमधून आणलेलं पवित्र पाणी अख्खी बाटलीभर शिंपडलं. कोणाचाच देव रुसायला नको ना!

दुसऱ्या दिवशी तपासणी. सर म्हणाले, उतर. मी बकल फिरवलं, ते ढिम्म हलेना. पुन्हा फिरवलं. मुकुल डोक्याला हात लावून म्हणाला, वाट लागली. सरांनी घड्याळ खिशात टाकलं आणि चहाला निघून गेले. शेवटी पट्टे सैल करून पोरांनी मला मांजरीच्या पिल्लासारखं वर ओढलं. बकल खोललं, तर आत अक्षता! मुकुलचा तांदूळ माझं पाणी पिऊन टम्म फुगून अडकला होता. (मुकुल म्हणतो चूक पाण्याची, मी म्हणते तांदळाची. भांडण अजून चालू आहे.)

बकल घासलं, वाळवलं, फिरवून फिरवून पाहिलं. सर चहा पिऊन परतले, मोजायला लागले, आणि ते चार म्हणेपर्यंत मी हेल्मेटसकट बाहेर! मग त्यांनी सगळे पट्टे जीव खाऊन ओढले, दांडा तसूभर हलला नाही. आणि मामा, सर हसले! पोरांनी वर्कशॉप डोक्यावर घेतलं. मी रडले. आनंदाने रडले, त्यात लपवायचं काय?

तुझी ड्रायव्हर भाची,
जोआना

ता.क. काम असं की रविवारी मम्मी माझं रंगकाम बघायला येते आहे. मी गाडीत बसायच्या आधी तिला खरं काय ते तूच सांग, ती फक्त तुझंच ऐकते. आणि सांगून झालं की तिचा हात घट्ट धरून ठेव.

ता.क. २ पत्र पोस्टात टाकायला मम्मीकडेच देते आहे. घाबरू नकोस, ती दुसऱ्याची पत्रं उघडत नाही.

ता.क. ३ युस्टेस, मी ल्युसी. हे दुसऱ्याचं नाही, माझ्या पोरीचं आहे. महिनाभर तिच्या खांद्यांवर पट्ट्यांचे वळ बघते आहे. रंग लावून वळ उठतात होय? मला काही सांगू नकोस, पण ये नक्की. आणि माझा हात धरायचा नाही, मला दोन्ही लागणार आहेत. तिला बसवलं की ते पट्टे आधी मी ओढून बघणार.