काटा स्थिरावेपर्यंत रोखे न विकण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य गुंतवणूक अधिकारी,
कामगार निवृत्तिवेतन निधी, मुख्य कार्यालय.

विषय : आमच्या वजनकाटे कारखान्याचे कर्जरोखे येत्या शुक्रवारी विक्रीस न काढण्याबाबत.
संदर्भ : निवृत्तिवेतनधारकांना आलेले आपले परिपत्रक.

महोदय,

मी सदर कारखान्याचा निवृत्त मुख्य तंत्रज्ञ असून तंत्रनिकेतनाचा पदविकाधारक आहे. माझे निवृत्तिवेतन आपला निधी देतो, आणि त्याच निधीने आमच्या कारखान्याचे रोखे घेतलेले आहेत. म्हणजे माझ्या कारखान्याला मीच कर्ज दिले आहे, हे परिपत्रकाच्या पहिल्या पानावर समजले व त्या आनंदात मी दुसऱ्यांदा चहा मागितला. तिसऱ्या पानावर ते रोखे विकणार असल्याचे समजले. चहा तसाच राहिला.

१. गेल्या महिन्यात पतमानांकन संस्थेचे निरीक्षक कारखान्यात आले, ती नेमकी शांततेची वेळ होती. प्रयोगशाळांसाठीच्या अतिसूक्ष्म काट्यांची अखेरची तपासणी चालू असताना आमच्याकडे यंत्रे व पंखे बंद ठेवतात आणि जो जिथे असेल तिथेच उभा राहतो, कारण एका पावलानेही काटा हलतो. ही पद्धत मीच घालून दिली. पहारेकऱ्याने ओठांवर बोट ठेवून निरीक्षकांना बूट काढायला लावले. त्यांनी अहवालात लिहिले, “उत्पादन पूर्ण ठप्प. कामगार निश्चल. व्यवस्थापक बाईंनी उत्तर देण्यास हातानेच नकार दिला.” सूक्ष्म काट्यांच्या विभागाच्या या व्यवस्थापक बाई म्हणजे माझी थोरली मुलगी. मागणी इतकी आहे की तिला रविवारची सुटी मिळत नाही.

२. या अहवालामुळे मानांकन एक पायरी उतरले. त्या पायरीचे रोखे बाळगू नयेत, असा आपला नियम. आपण विकणार म्हणताच, हेच रोखे बाळगणाऱ्या विमा कंपनीनेही ते विकायला काढले, भाव पडला. भाव पडलेला पाहून कारखान्याच्या बँकेने कर्जावरील व्याज वाढवले. व्याज वाढल्याने नफा घटणार, म्हणून मानांकन आणखी उतरणार, म्हणून आपण आणखी घाईने विकणार. महोदय, काटा असा आपल्याच झोक्याने झुलत राहिला, तर आम्ही त्याला तेलात बुडणारी एक जड पट्टी जोडतो; झोका तिथेच मरतो. या बाजारात आपल्याइतके जड दुसरे कोणी नाही. कृपया पट्टी व्हावे.

३. शुक्रवारी आपण विकलेत, तर बँक सोमवारी कर्जाचे नूतनीकरण नाकारणार आहे व सूक्ष्म काट्यांचा विभाग सर्वांत आधी बंद होईल. मुलगी म्हणते, “बाबा, तुमच्या पेन्शनच्या काळजीपोटी तुमचा निधी माझा विभाग बुडवतोय. जरा कमी काळजी करा म्हणावं त्यांना!” तरी रीतसर विनंती करतो की, माझी काळजी कमी करावी.

४. फेरतपासणी मागितल्यास विक्री एक तिमाही थांबवता येते, असे आपल्याच परिपत्रकाच्या तळटीपेत बारीक अक्षरांत छापले आहे. ती टीप मी भिंगातून वाचली. आपण तशी फेरतपासणी मागावी व गुरुवारी जातीने यावे. खिशातील सुटी नाणी फाटकावर ठेवावीत, पायांत फक्त मोजे असावेत. शिंक आल्यास उजवा हात वर करावा. आपणास तसेच उचलून बाहेर नेण्याची व्यवस्था केली आहे. त्यानंतर यंत्रे सुरू होतील, तो आवाजही ऐकून जावा.

५. हितसंबंध लपवणे माझ्या शिस्तीत बसत नसल्याने कळवतो की, बाजारात सध्या जे रोखे पडेल भावाने विकले जात आहेत, त्यांतील काही माझ्या पत्नीने घेतले आहेत. मी हरकत घेतली असता ती म्हणाली, “कारखाना तोच, पोरगी तीच, आणि भाव पडलेला! मला काय खूळ लागलंय सोडायला?” विकणाऱ्यांच्या गर्दीत घेणारी ती एकटीच असल्याने दलालाने अदबीने विचारले, “मॅडम, आपली संस्था कोणती?” तिने “आमचं घर” असे नोंदवायला सांगितले. त्या दुपारी भाव चिमूटभर वर आला. तेव्हापासून ती मला ‘निवृत्तिवेतनधारक’ अशी हाक मारते.

तरी इतके करूनही विक्री अटळच असेल, तर शुक्रवारी बाजारात जाण्याआधी आमच्या संस्थेस फोन करावा. दुपारी दोन ते चार संस्था झोपलेली असते. आणि ती भाव फार पाडून मागते, हे आधीच नम्रपणे लक्षात आणून देतो.

आपल्या निधीचा आजन्म लाभार्थी व आपला नम्र,
(सही)
निवृत्त मुख्य तंत्रज्ञ
सोमवार, सकाळ

सोबत :
१) तळटीपेची मोठ्या अक्षरांतील प्रत.
२) लोकरी मोजे, एक जोड (विणणारी : पत्नी). माप अंदाजे घेतले आहे. घट्ट झाल्यास बुधवारपर्यंत कळवावे.