एकेकच बोंब

२ फेब्रुवारी
नाशिकहून शहापूरला आले आणि पहिल्याच दिवशी खरा दावा हातात पडला! वकील धनेश सरांची ज्युनिअर म्हणजे नुसतं टायपिंग, अशीच माझी समजूत होती. किन्हवलीच्या पुढे एका वाडीत खोलीही मिळाली, तीही आमच्या पक्षकाराच्याच घरी. पक्षकार सुनिल, त्याची आई रंगूमावशी. पक्षकाराच्या घरी राहू नये हे मला कळतं. पण एसटी दारापुढे थांबते आणि मावशींच्या हातची तांदळाची भाकरी सोडवत नाही.

५ फेब्रुवारी
दाव्याची हकिगत अशी. समोरच्या घरातली सारिका पोलीस भरतीत धावताना पडली. तिचा व्हिडिओ सुनिलच्या ग्रुपवर फिरला आणि गेल्या शिमग्याला पोरांनी तिच्या नावाने बोंब ठोकली. इथे शिमग्याला कुणालाही सोडत नाहीत, सरपंचालासुद्धा. होळी विझली की विषय संपतो. हा संपला नाही. रोज कुणीतरी एक बोंब रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकत राहिलं. शिमगा गेला तरी कवित्व उरतं, म्हणतात ना! पोरीला मोबाइल बंद असतानाही बोंबा ऐकू यायला लागल्या आणि शेवटी वाचाच गेली. तिच्या आईने, मीनाबाईंनी, नुकसानभरपाई मागितली आहे. सुनिल म्हणतो, "आमी एकेकच मारली ना मॅडम. एका बोंबेनं कोन मरतं काय?"

९ फेब्रुवारी
आमची कैफियत, म्हणजे दाव्याला उत्तर, मी एकटीने लिहिली. बोंब ही गावची रीत आहे. प्रत्येकाने एकेकच मारली, मग जबाबदार कोण? आणि जी इजा दिसत नाही, दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही, ती सिद्ध कशी होणार? सरांनी पाठ थोपटली. घरी आले तर सारिका अंगणात उभी. माझ्याकडे बघत तिने पालथा हात तोंडावर मारला. आवाज काहीच नाही. मला हसू आलं.

१४ फेब्रुवारी
भर दुपारी माझ्या नावाने बोंब. "काजल वकिलीणीच्या नावानं बोऽऽ" असं स्पष्ट. धावत दारात गेले. वाडी सुस्त पडलेली. समोर एकटी सारिका, तोंड मिटलेलं, त्यावर हात आपटत होती. आवाज पुरुषाचा होता. रंगूमावशी तांदूळ पाखडत होत्या. म्हणाल्या, "नाय गो बाय, आमाला कायच नाय आलं ऐकू."

१९ फेब्रुवारी
रोज चाललंय. एसटीत, कोर्टाच्या पायरीवर, आंघोळ करताना. दर वेळी आवाज वेगळा. आज ऑफिसात पुराव्यातली रेकॉर्डिंग लावली. तेच आवाज. तीच पोरं. फक्त तिच्या नावाऐवजी माझं. मी भ्यायले आहे, सरळ लिहिते.

२३ फेब्रुवारी
केस नको म्हटलं. सरांनी विचारलं, पुरावा काय? डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत. सुनिल म्हणाला, मनावर कशाला घेता एवढं. पोलिसांत जाऊन नाव कुणाचं सांगू? प्रत्येकाची एकेकच आहे. माझीच कैफियत माझ्या गळ्यात पडली.

२६ फेब्रुवारी
मीनाबाईंकडे गेले. सांगितलं, उद्या कोर्टात कबूल करते. एकेक म्हणून कुणी सुटत नाही, सगळे जबाबदार आहेत, मीसुद्धा. त्यांनी चुलीत लाकूड सारलं. म्हणाल्या, "बोल की मग. माजी पोरगी पन बोलनारच होती." आतून सारिका माझ्या गळ्याकडे बघत होती. तोंडाकडे नाही. गळ्याकडे.

२७ फेब्रुवारी
उभी राहिले. तोंड उघडलं — काहीच नाही. जजसाहेब वाट बघत होते. माझा हात वर गेला. पालथा. तोंडावर —
सगळं कोर्ट हसलं.

१ मार्च
वाचा गेली. सुनिलने सगळ्यांना सांगितलं. ग्रुपवर टाकलं असेल. मावशी भाकरी दाराबाहेर ठेवतात —
घरी जायचंय. एसटीत बसले की सगळे तोंडाकडे बघतात. उतरले परत.

३ मार्च
होळी. पोरं सकाळपासून दारात. सुनिलने मोबाइल धरलाय. मावशी म्हणतायत, एक मार गो बाय, एकच, पोरांचं मन राखायला —
मी नाही म्हणतेय. मान हलवून. हात ऐकत नाही. डावा हात तोंडावर — ओठ फुटला — थांबत नाही —
पोरं बाजूला झाली. सारिका आलीय. तिच्याही हातात मोबाइल.
तिचं तोंड उघडलं. ती बोलतेय. सगळ्यांना ऐकू येतंय, मावशींनासुद्धा. म्हणतेय, माझी तर पहिलीच, एकच तर —
माझ्या आवाजात. ती माझ्या आवा