लायलचे चोपन्न ग्रेन

शनिवार, १० सप्टेंबर १९८३

ठरलं. यंदा एल्क, ते थोराड हरीण, पाडायचं ते माझ्या हातानं भरलेल्या काडतुसानं!

बाबांची बंदूक माझ्याकडे आली त्याला चार वर्षं झाली, पण काडतुसं अजून लायल भरून देतो. मोजून दहा. लहान मुलाला खाऊच्या गोळ्या द्याव्यात तशी. सकाळी म्हटलं, "यंदा माझी मी भरते. तुझा तराजू दे." तर म्हणे, "माझ्या तराजूला तुझा हात नको."

म्हणजे अजून तेच! १९५८ साल, लग्नाला महिना झाला नव्हता. नवऱ्याला खूश करावं म्हणून त्याचा बंदुकीची दारू तोलायचा तराजू मी रात्रीच्या भांड्यांबरोबर साबणाच्या पाण्यात टाकून लख्ख घासला. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. तेव्हापासून तराजू फडताळात, किल्ली त्याच्या खिशात.

"मग मी माझा आणते," म्हटलं.

"एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, अर्डिस."

म्हटलं, मोठं म्यान घेऊ. तो हसला नाही. मी हसले.

मंगळवार, १३ सप्टेंबर

हाल्वर आला होता कॉफीला. माझा धाकटा भाऊ, पण बोलण्यात आजोबा. तराजूचं ऐकून त्याच्या अंगात आलं. "घे ताई, घेच! आणि भर बघू नवऱ्याचे चोपन्न. मग कळेल."

त्याचं दुखणं जुनं आहे. लायलच्या काडतुसात दारू चोपन्न ग्रेन, म्हणजे जेमतेम साडेतीन ग्रॅम. काडतुसं भरायचं पुस्तक म्हणतं त्रेपन्नाच्या वर जाऊ नका. लायल म्हणतो, पुस्तकं वकील लिहितात. आणि त्याच्या तीन गोळ्या शंभर यार्डांवर एका नाण्याखाली झाकल्या जातात, मग बोलणार कोण? लग्नानंतरच्या हिवाळ्यात त्यानं हा आकडा शोधला. सगळ्या खोऱ्यात 'लायलचे चोपन्न' म्हणतात. हाल्वरनं दहा वर्षांपूर्वी स्वतःच्या तराजूवर तेवढेच तोलून भरले, तर बार उडाल्यावर जास्तीच्या दाबानं बोल्ट, काडतूस आत ढकलायचा दांडा, असा अडकला की लाकडाच्या ठोकळ्यानं ठोकून उघडावा लागला. तेव्हापासून लायलचं एकच – "मेहुणेबुवांची बंदूक जरा नाजूक आहे."

प्रत्येक ख्रिसमसला. टर्की कापताना.

शनिवार, १७ सप्टेंबर

तराजू आणला!

बर्निसच्या दुकानात दोन तास बसले. बंदुका, गळ, गांडुळांचे डबे, आणि मध्ये बर्निस, तोंडात पेन्सिल. तीन तराजू काढले तिनं. पहिला कोरा, हिरवा, देखणा. दांडीची थरथर थांबावी म्हणून खाली तेलाची वाटी. तीच दारू तीनदा ठेवली, तीन आकडे. "हा नवरदेव आहे, फोटोपुरता," बर्निस म्हणाली. दुसऱ्याला चुंबक, चटकन थांबतो. पण इतका चटकन की दारूचा एक दाणा टाकला तरी ढिम्म. तिसरा जुना, कुणीतरी मोडीत दिलेला, रंगाचे पोपडे उडालेले. दांडी सुरीसारख्या धारेवर, धार दगडाच्या खाचेत. एक दाणा टाकला आणि काटा हलला. काढला, परत जागेवर.

बर्निसनं मग कागदाचा कपटा पारड्यात ठेवून काटा जुळवला. कपटा माझ्या हातात दिला, तोंडातली पेन्सिलही दिली. "नाव लिही."

लिहिलं. अर्डिस. परत ठेवला. काटा केसभर खाली!

"बघ, तुझ्या नावाला वजन आहे," बर्निस म्हणाली.

पंचवीस वर्षं संसार केला, हे पहिल्यांदा कळतंय. घेतलाच मग. घरी येताना शेजारच्या सीटवर बसवला आणि पट्टा बांधला.

शनिवार, २४ सप्टेंबर

चूक माझीच. कमी दारूपासून सुरू करून हळूहळू चढत जावं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण मी लायलची बायको! पुस्तक बाजूला ठेवलं आणि सरळ चोपन्न भरले.

पहिलाच बार आणि बोल्ट अडकला. हाल्वरसारखाच.

लायल धावत आला, बंदूक काढून घेतली, आधी माझा चेहरा बघितला, डोळे बघितले. सगळं धड आहे कळल्यावर मग ओरडला. "तुझा तो भंगारातला तराजू खोटं बोलतोय! जास्त पडली दारू."

"किंवा तुझा," मी म्हटलं.

घरी आलो. उरलेली नऊ काडतुसं उघडून, दारू काढून ठेवली आहेत.

मंगळवार, २७ सप्टेंबर

औषधांच्या दुकानातले म्हातारे पेटिट. त्यांच्याकडे पूर्वी औषधाच्या पुड्या तोलायची पितळी वजनं अजून मखमलीत ठेवलेली. औषधाचा ग्रेन आणि दारूचा ग्रेन एकच. साठ ग्रेनचं मागून आणलं. "चिमट्यानं उचल हं, बोटाचा घाम लागतो," दोनदा सांगितलं त्यांनी.

लायल स्वतः आपला तराजू घेऊन आला. माझा खोटा ठरवायला! स्वयंपाकघराची खिडकी बंद, पंखा बंद, दोघांनी श्वास धरलेला.

माझा – साठ.

त्याचा – एकसष्ट पूर्णांक आठ.

त्यानं टेबल बदललं. शून्य परत जुळवलं. तीनदा तोललं. एकसष्ट पूर्णांक आठ. मग भिंग आणून उलटापालटा करून बघितला. दांडीवर सरकवायचं मोठं वजन आहे ना, त्याच्या पोटाला खालून एक बारीकसं भोक आहे, मोहरीएवढं. "कारखान्यातूनच असेल," एवढंच म्हणाला.

त्याचं जुनं एक काडतूस उघडून त्यातली दारू मी माझ्या पारड्यात ओतली. साडेबावन्न.

पंचवीस वर्षांचे चोपन्न म्हणजे साडेबावन्न. वकिलांच्या पुस्तकाच्या आत! आणि हाल्वर बिचारा खरेखुरे चोपन्न भरून बसला होता. उद्या आणखी कुणी भरले असते तर? लायलच्या मनात तेच आलं असणार. टोपी घेऊन गोठ्याकडे गेला. त्याची पाठ बघून मला इतकं वाईट वाटलं! जिंकल्याचं काही वाटेना.

बुधवार, २८ सप्टेंबर

बोलत नाही. गाईंशी बोलतो.

रविवार, २ ऑक्टोबर

आज चर्चमधून बाहेर पडताना लायलनं पायऱ्यांवर सगळ्यांना थांबवलं. टोपी हातात. म्हणाला, "माझा तराजू खोटा आहे. चोपन्न कुणी भरू नका. साडेबावन्न भरा, आणि तेही पुस्तक बघून, खालून चढत." मान वर करून म्हणाला. मला त्याचा एवढा अभिमान लग्नाच्या दिवशीही वाटला नव्हता.

मग हाल्वरला जेवायला आणलं. ॲपल पाय केला होता. लायल घसा खाकरून म्हणाला, "मेहुणेबुवा, तुमची बंदूक नाजूक नाही."

"लिहून दे," हाल्वर म्हणाला.

लायलनं कपटा घेतला, पेन्सिल घेतली. तेवढ्यात हाल्वर म्हणतो, "थांब! आधी कोरा तोल. दहा वर्षांची माफी आहे, वजन कळायला हवं."

तोलला. लिहिल्यावर परत तोलला. काटा दोन केस खाली. आम्ही तिघं इतके हसलो की आमच्या श्वासानं दांडी थरथरायला लागली, आणि हाल्वर म्हणे, "बघा, अजून वाढतेय!" कपटा पाकिटात घालून घेऊन गेला.

जाता जाता त्यानं विचारलं, "पण मग साडेबावन्न शोधले कुणी?"

लायल वर बोट करून म्हणाला, "देवानं. मी चोपन्न मागितले, त्यानं हात धरून साडेबावन्न दिले."

शनिवार, १५ ऑक्टोबर

पन्नासापासून चढत चढत आले. साडेबावन्न. तीन भोकं. एक नाणं!

काडतुसं भरायच्या टेबलावर माझ्या तराजूला जागा मिळाली. खिडकीकडची. लायलनंच हलवलं सगळं.

सोमवार, २४ ऑक्टोबर

काल सकाळी साडेसातला. मादी, दोनशे यार्डांवर, कड्याखालच्या हिमात. एकच बार. माझा तराजू, माझा हात, बाबांची बंदूक. मी खाली बसले आणि रडले, आनंदानं. लायल आणि हाल्वरनं ओढून आणली. ओढताना लायलच्या कोटाचं बटण तुटलं, ते कुठेतरी हिमात राहिलं. रात्री लिहायला हात उचलेना.

मंगळवार, २५ ऑक्टोबर

कोटाला लावायला बटण शोधत होते. बटणांचा पत्र्याचा डबा टेबलावर उपडा केला. तळाला शिशाचा एक दाणा. मोहरीएवढा. बघितला आणि आठवलं – १९५८, साबणाचं पाणी, तळाशी राहिलेला हा दाणा. कशाचा म्हणून कळेना, टाकवेना, म्हणून डब्यात टाकला होता.

चिमट्यानं उचलून लायलच्या तराजूच्या त्या भोकात बसवला. चपखल बसला. शून्य जुळवलं, पेटिटचं पितळी वजन ठेवलं.

साठ.

बाहेर अंगणात लायल हाल्वरला अजून तेच सांगतोय, देवानं हात कसा धरला ते. आधी बटण लावून घेते. मग जाऊन सांगते देव कुठला साबण वापरत होता ते.