गाडीतला माईक

बाबा, गेल्या आठवड्यात गाडीत टचस्क्रीनवाला स्टिरिओ बसवून घेतला. तुम्ही असतात तर आधी मला फालतू खर्चावरून दोन शब्द ऐकवले असतेत आणि मग स्वतःच पेचकस घेऊन डॅशबोर्डखाली शिरला असतात. मल्हारगंजच्या एका गल्लीत दुकान आहे. गाडी आत जात नाही, तोंडाशीच उभी करावी लागली. फिटर तिथंच आला. त्यानं प्लास्टिकची चपटी पट्टी घालून पॅनल उचकटलं, जुना प्लेअर बाहेर ओढला, आणि त्यामागे तारांचा जो गुंता दिसला तो बघून मला आपल्या महूच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर आठवलं. पिठाच्या डब्यावर ठेवलेला तुमचा अँप्लिफायर, शेजारी डाळ शिजतेय, आणि आई म्हणतेय, "एक दिवस आमटीत तार सापडेल बघा." मी फिटरला विचारलं, तारा कापणार का? तो म्हणाला, "अरे नहीं मैडमजी, कपलर टू कपलर लगेगा, एक वायर नहीं कटेगी." मग मी त्याला विचारलं की पिवळी तार थेट बॅटरीची आणि लाल चावीची ना, आणि तो तोंड उघडेपर्यंत मीच सांगून टाकलं की तसंच असणार. त्यानं वर बघितलं. "आप टीचर हो क्या?" कसं ओळखलं, म्हटलं. "सवाल भी आप पूछ रहे हो, जवाब भी आप ही दे रहे हो."

हा स्क्रीन तुमच्या नातीचा हट्ट. तुम्ही गेलात तेव्हा ती रांगत होती. आता पुण्यात राहते, न्यायाधीशाच्या परीक्षेची तयारी करते. कॉलेजातून घरी जाताना मी तिला रोज फोन करते, गाडी चालवता चालवता. ती ओरडायची, "एका हातात स्टेअरिंग, एका हातात फोन, आणि वर तू हातवारे करतेस. आई, सही में सांग, तुला हात किती आहेत?" म्हणून हा स्क्रीन. फोन खिशात राहतो, स्क्रीनवर तिचं नाव येतं, बोट टेकवलं की तिचा आवाज गाडीच्या चारी दारांतून येतो. माझ्यासाठी एक हरभऱ्याएवढा माईक काचेच्या बाजूच्या खांबावर चिकटवलाय. पहिल्या दिवशी मी त्याला "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणाले. सवय जात नाही. फिटर हसला, मला मात्र तुम्ही आठवलात. लहानपणी माईकचा स्टँड माझ्या उंचीला खाली येईना म्हणून तुमच्या वर्कशॉपातल्या पॅकिंगच्या फळ्यांची पेटी ठोकून आणली होतीत मला उभं राहायला. तिच्यावर लष्करी शिक्क्यात लिहिलेलं होतं, सांभाळून उचला. चौदा एप्रिलला जयंतीच्या मांडवात त्या पेटीवर उभी राहून मी पहिलं भाषण केलं. लोक टाळ्या वाजवत होते आणि तुम्ही मागे खुर्चीवर बसून अँप्लिफायरच्या काट्याकडे बघत होतात. घरी आल्यावर मी विचारलं, "बाबा, कसं झालं?" तुम्ही म्हणालात, "आवाज फाटला नाही." मी रात्रभर फुरंगटून बसले. एवढ्या मोठ्या विषयावर बोलले, समतेवर, आणि वडलांनी ऐकलं काय तर आवाज.

आता गंमत सांगते. स्क्रीन बसवल्यापासून पोरीचं बोलणं तुटायला लागलं. ती म्हणायची, "आई, मला एक सांगायचं होतं, म्हणजे गेले काही महिने मी..." आणि पुढचं गायब. मग एकदम, "...म्हणून मी ठरवलंय." काय ठरवलंयस? परत सांग. तिनं परत सुरुवात केली की मी "हो हो, बोल, पण आधी अभ्यासाचं सांग, संविधानाचा पेपर कसा चाललाय" म्हणायचे, आणि परत तुकडे. "जाऊ दे आई, नंतर सांगते," म्हणून तिनं फोन ठेवला. तो तिचा सूर मला आवडला नाही. काहीतरी होतं, आणि ते माझ्यापर्यंत पोचत नव्हतं. मी सरळ दुकानात गेले आणि फिटरला झापलं. त्यानं स्वतःच्या फोनवरून कॉल लावला, बाहेर गल्लीत उभं राहून काकडीच्या भावापासून क्रिकेटपर्यंत बडबडला, मी गाडीत गप्प बसून ऐकलं. एक अक्षर तुटलं नाही. तरी बिचाऱ्यानं माईक खांबावरून काढून स्टेअरिंगच्या मागे लावला. "अब टेंशन मत लो." संध्याकाळी परत तेच.

सिग्नलला उभी असताना मला खोकला आला. ती बोलत होती आणि माझ्या खोकल्याबरोबर तिचा आवाज खटकन बंद पडला. खोकला थांबला, आवाज सुरू. मी मुद्दाम पुन्हा खाकरले. पुन्हा बंद. तेव्हा डोक्यात उजेड पडला, आणि तो तुमच्यामुळे. मांडवात लाऊडस्पीकरचा हॉर्न शिट्टी मारायचा तेव्हा तुम्ही मला सांगितलं होतं की माईकला स्वतःचाच आवाज ऐकू आला की तो वेडा होतो. हॉर्न पुढे ने, माईक मागे घे. गाडीत मागेपुढे कुठं नेणार? एवढ्याशा डब्यात माईकही आणि स्पीकरही. म्हणून त्या स्वस्तातल्या यंत्रानं सोपा मार्ग काढलाय. दोघं एकदम बोलले की एकाला बंद करायचं. ज्याचा आवाज मोठा त्याला रस्ता. आणि बाबा, आमच्या दोघींत मोठा कोणाचा, ते काय सांगायला पाहिजे? मागचा गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला, सिग्नल सुटला होता, आणि मी बसून होते. ज्याचा आवाज मोठा त्यालाच रस्ता मिळतो, ह्याच गोष्टीविरुद्ध मी चौकाचौकात बोलत आले. पुस्तकं वाचून, पुरावे देऊन, घसा फुटेपर्यंत.

काल कृष्णपुऱ्याच्या दगडी छत्र्यांजवळ गाडी बाजूला लावली, काचा वर केल्या आणि फोन लावला. म्हटलं, "आज मी काही बोलणार नाही. तू बोल." पलीकडून घाबरलेला आवाज आला, "काय झालं? तब्येत ठीक आहे ना?" मी उत्तर दिलं नाही. हुंकारसुद्धा दिला नाही, कारण त्यानंही ती बंद पडली असती. मग ती बोलायला लागली. परीक्षा तिला द्यायची नाहीये. गेले काही महिने ती एका शाळेत लहान मुलांना गणित शिकवते, आणि सकाळी उठून तिथं जावंसं वाटतं, असं तिला आजवर कशाचंच वाटलं नव्हतं. "आई, तू स्टेजवरून सांगतेस ना, माझी मुलगी खुर्चीवर बसून न्याय देणार, तेव्हा लोक टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या मी कुठं ठेवू? मला त्या परतही करता येत नाहीत." ती महत्त्वाच्या शब्दाआधी थांबते, बाबा. अगदी तुमच्यासारखी. जरा श्वास घेते, शब्द तोलते, मग ठेवते. एवढी वर्षं तिच्याशी बोलतेय आणि हे मला काल कळलं, कारण ती थांबली की तेवढ्या जागेत मी शिरायचे.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. तुम्हाला माहीत आहेच माझं. आपल्यातल्या किती जणींना त्या खुर्चीपर्यंत पोचू दिलं, तुमच्या पिढीनं काय सोसलं, शिकण्याचा अर्थ काय, सगळं जिभेच्या टोकावर होतं, आणि माझा मुद्दा चुकीचा नव्हता, आजही नाही. ती बोलायची थांबली. मी वाट बघितली, ती खरंच संपली आहे का याची. मग म्हटलं, "बरं."

"एवढंच?"

"एवढंच. जेवलीस का?"

ती रडायला लागली आणि हसायला लागली, आणि त्या दोन्हींचा आवाज चारी दारांतून आला, कुठंही न तुटता. फोन ठेवल्यावर मी काचा बंदच ठेवल्या आणि ते सगळं भाषण तिथं बसून मोठ्यानं केलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मध्येच स्क्रीन उजळला आणि त्यातली बाई नम्रपणे म्हणाली, "माफ़ कीजिए, मैं समझ नहीं पाई." बाहेर चहावाला माझ्याकडे बघत होता.

मला अजून पटलेलं नाही, बाबा. तिला बरं म्हटलं ते पटलं म्हणून नाही, ती इतकं बोलली म्हणून. हे फक्त तुम्हाला सांगतेय. तिच्या कानावर घालू नका.