दऱ्या आणि दर्या

दिनांक ११ फेब्रुवारी २०२५, दुपारी ३ वाजून ४२ मिनिटे. या वेळी माझ्या 'सुईदोरा' या प्रोग्रॅममध्ये चोरदरवाजा बसवण्यात आला.

मी, हसिना युनूस मुलाणी, वय ६८, निवृत्त प्रोग्रॅमर, राहणार वलवण, लोणावळा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. वरची वेळ कागद न बघता लिहिली.

१. वलवणचे घर वारसांना शरियतप्रमाणे जावे. मृत्युपत्राने मला एक तृतीयांशच देता येते. मला जे द्यायचे आहे ते तेवढ्यात मावते.

२. सुईदोरा जुन्या टंकातला, म्हणजे फॉन्टमधला, मराठी मजकूर नव्या टंकात आणतो. तो मोफत आहे. त्याचा कोड कुणीही वाचावा, सुधारावा. 'सत्यम' नाव लावणारा कुणी दोन वर्षे त्यातल्या चुका दुरुस्त करून पाठवत होता. जानेवारीत माझे खुब्याचे हाड मोडले, तेव्हा त्याने लिहिले, "मावशी, तुम्ही आराम करा, मी बघतो." मी त्याला मला न विचारता थेट बदल करण्याची चावी दिली. ही चूक माझी, ती लपवत नाही.

चोरदरवाजा बसल्यावर तीन दिवसांनी मी चाचणीचा नमुना मजकूर वाचला. तो कुणीच वाचत नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये एक चूक झाली की दहा वेळा लिहावे लागे, त्यामुळे मी वाचते. "मावळच्या दऱ्या खोल" असे हवे तिथे "मावळच्या दर्या खोल" होते. मोठ्याने वाचले, तर शेजारचा हौशीराम म्हणाला, "मावशी, हितं दर्या कुटनं आला? आमी तर धरणच बघितलंय."

अशी चुकीची अक्षरे सत्यमच्या चावीने जागोजाग पेरली होती. ती जुळून आज्ञा बनत आणि सुईदोरा बसवणाऱ्याच्या संगणकात परक्याला वाट मिळे. त्याच संध्याकाळी मी ती बुजवली व सर्वांना कळवले.

३. चावी भाची तमन्नास. ती म्हणते, "खाला, आता पुरे की." पुरे नाही. अट एवढीच: "आराम करा" म्हणणाऱ्याला चावी देऊ नये आणि नमुना मजकूर दर वेळी वाचावा.

४. सत्यमने खऱ्या नावानिशी समोर यावे आणि माझे शुद्धलेखनाचे पुस्तक घेऊन जावे.

५. नऊ वर्षे सुईदोरा फुकट वापरणाऱ्या ग्रंथसंस्थेने जाहीर नोटिशीत "वृद्ध महिलेचा हलगर्जीपणा" एवढेच छापले. दरवाजा शोधला कुणी, ते छापले नाही. त्यांना मी काहीही देत नाही. सुईदोरा मात्र वापरावा. परवान्यात 'सर्वांसाठी' लिहिले आहे आणि माझ्या रागापायी मी तो बदलणार नाही.

साक्षीदार: हौशीराम दत्तोबा शेळके, मुक्ताबाई निवृत्ती पडवळ. दोघांनी माझ्यासमोर सही केली. दोघांना यातले काही मिळत नाही.

सही: हसिना युनूस मुलाणी
स्थळ: वलवण. दिनांक: ३ एप्रिल २०२५

प्रत: सचिव, सदर ग्रंथसंस्था. "चोरदरवाजा हसिना मुलाणी यांनी शोधला व बंद केला" हे वाक्य नोटिशीत घालणार की नाही, याचे लेखी उत्तर ३० एप्रिल २०२५, सायंकाळी पाचच्या आत पाठवावे. मृत्युपत्र माझ्या मागे उघडायचे आहे. उत्तर मला आत्ता हवे आहे.