सोनेरी स्क्रू आणि समोरचा वारा

७ फेब्रुवारी, शनिवार

लागली! सोडत लागली! आमच्या चष्म्याच्या दुकानाच्या चांद्र वर्षअखेरच्या जेवणात मालकांनी माझा नंबर पुकारला आणि मी अशी काही उठले की कोळंबीची बशी टेबलाखाली गेली. दुसरं बक्षीस! आजवर या सोडतीत मला एक छत्री आणि एक भाताचा कुकर मिळालाय. आज लाल पाकीट, आत तीस हजार. माझा महिन्याचा पगार जवळजवळ!

स्कूटरवर मागे बसून शिहोंगच्या कानात ओरडले, की सगळे सायकलला. तो म्हणाला, मला वाटलं वॉशिंग मशीनला. बिचारा नवरा.

८ फेब्रुवारी

झोप लागली नाही. डोक्यात नुसती सायकल फिरतेय.

एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे पैसे हातात आल्यावर भान सुटायचं नाही. मला जिंकायचं नाहीये. एप्रिलअखेर आपल्या ताइतुंगची 'एकशे तेरा' शर्यत आहे, एकूण तेवढे किलोमीटर — तळ्यात पोहायचं, किनाऱ्याच्या रस्त्यानं नव्वद किलोमीटर सायकल, मग पळायचं. मागच्या वर्षी सायकलची वेळ संपली तेव्हा मी अजून रस्त्यावरच होते. मागे राहिलेल्यांना उचलायला गाडी येते ना — तिला सगळे भंगारगाडी म्हणतात — तिनं मला उचललं. मी आणि माझी सायकल, दोघी भंगारात.

वर त्या गाडीच्या खिडकीतून काय दिसलं? सासूबाई! वय त्रेसष्ट. आमच्या घराखाली न्याहारीचं दुकान चालवतात, चार वाजता उठून सोयाबीनचं दूध उकळतात. शेतात घालतात त्या फुलाफुलांच्या बाह्या चढवून मजेत पळत होत्या. मला बघून हात केला. हसल्यासुद्धा!

यंदा भंगारगाडीत बसायचं नाही. बस्स. एवढ्यासाठी तीस हजार.

११ फेब्रुवारी

कुओच्या दुकानात गेले आणि प्रेमात पडले. कार्बनची चाकं! चांगली वीतभर रुंद कड, काळी कुळकुळीत. कुओनं एक फिरवून दाखवलं तर असा घूं-घूं आवाज की अंगावर काटा आला. किंमत विचारली — बरोबर माझं पाकीट. म्हणजे देवाचीच इच्छा ना!

कुओ शिहोंगचा शाळेतला मित्र. पाकीट हातातसुद्धा घेईना. म्हणाला, "वहिनी, वारा अडतो तो सायकलला नाही, तुम्हाला. आधी स्वतः लहान व्हा."

मला राग आला. नववर्ष अजून आलंही नाही, तांदळाची गोड वडी मी चाखलीसुद्धा नाही, आणि हा मला लहान व्हायला सांगतो! मग कळलं, तो बसण्याबद्दल बोलत होता. माणूस ताठ बसला की वाऱ्यापुढे दारासारखा उभा राहतो म्हणे. त्याचा क्रम असा — आधी मोजमाप घेऊन बसणं सुधारायचं, मग चांगले टायर, मग कोपर टेकून पुढे वाकायचा दांडा. उरलेच तर हेल्मेट.

आणि चाकं?

"पहिलं बक्षीस लागलं की या," म्हणाला.

२० फेब्रुवारी

सुट्टीत हात रिकामे असू नयेत. सोनेरी स्क्रू मागवले. टायटॅनियमचे! सायकलला जिथे जिथे स्क्रू आहे तिथे तिथे. इतके सुंदर आहेत की मी उशाशी घेऊन झोपले. शिहोंगला सांगितलं, वजन कमी होतं यांनी.

सासूबाईंनी दुकानातला काटा आणला. एका पारड्यात जुने स्क्रू, एका पारड्यात नवे. मग नव्यांच्या बाजूला मुळ्याच्या वडीचा एक तुकडा ठेवला, तेव्हा कुठे काटा सरळ झाला. तो तुकडा त्यांनी माझ्यासमोर खाल्ला. म्हणाल्या, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला."

आता खरंच जपून. कुओनं सांगितलेला क्रम. शपथ!

१ मार्च

मोजमाप झालं. कुओनं मला सायकलवर बसवून गुडघ्याला दोरी लावली, पाठीला पट्टी लावली, पेडल मारायला लावलं आणि मान हलवत राहिला. सीट इतकी वर्षं खाली होती! म्हणजे मी आजवर गुडघे पोटाशी घेऊन सायकल चालवत आले. कुणी सांगितलं का? सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, मला वाटलं तुला तसंच आवडतं.

२ मार्च

बसता येत नाही, उठता येत नाही. पण पाय किती हलके!

१५ मार्च

पुढचा दांडा बसवला. कोपरं गाद्यांवर टेकायची, हात पुढे जोडून धरायचे, देवळात उभं राहतो तसे. फरक एवढाच की देवळात जमीन हलत नाही. ब्रेक भलतीकडेच! पहिल्या वळणाला हात जोडलेल्या अवस्थेतच सीताफळाच्या बागेत शिरले आणि वाऱ्यासाठी बांधलेल्या जाळीत अडकले. बागवाल्या काकांनी मला सोडवलं, सायकल सोडवली, वर दोन सीताफळं दिली. तिथंच बांधावर बसून खाल्ली. दांडा अजून चिकट आहे.

पण सरळ रस्त्यावर! आई शपथ, वाऱ्याचा आवाजच बदलतो. कानाशी शीळ वाजते. मी ओरडले जोरात, कुणी नव्हतं म्हणून.

२९ मार्च, रविवार

आज प्रयोग केला. कुओनंच सांगितला होता — उतारावर सायकल नुसती सोडायची, पेडल मारायचं नाही, बघायचं कुठवर जाते. शिहोंग खडू घेऊन खाली उभा. आधी मी ताठ बसून आले. त्यानं रेघ मारली. मग दांड्यावर वाकून आले — रेघेच्या कितीतरी पुढे! मग नवे टायर. अजून पुढे! मग सैल टी-शर्ट काढून अंगाबरोबरचा पोशाख घातला — अजून पुढे! टी-शर्ट फडफडतो तेवढ्यानंही मागे ओढलं जातं. फुकटचा वेग! मी रस्त्यात नाचले. स्क्रूंचाही प्रयोग करायचा होता, शिहोंगनं हात जोडले.

तेवढ्यात सासूबाई आल्या. फुलांच्या बाह्या, कापडी टोपी हेल्मेटच्या आत कोंबलेली, आणि ती जुनी सायकल जिचा मूळ रंग कुणालाच आठवत नाही. म्हणाल्या, मीपण येऊ का. आल्या. ताठ बसून. माझ्या शेवटच्या रेघेच्या पुढे!!

शिहोंग हसून हसून खाली बसला. मी म्हटलं, वजन जास्त आहे म्हणून उतारावर जास्त जातात, शास्त्र आहे ते. सासूबाईंनी दोघांकडे शांतपणे बघितलं आणि विचारलं, "म्हणजे तुझ्या सायकलवर आता मला बसवायचं का?"

१२ एप्रिल

उरलेल्या पैशात एकच काहीतरी येईल — हेल्मेट, नाहीतर ती काळी चाकं शर्यतीपुरती भाड्यानं. आमच्या सायकल क्लबमधला एक जण भाड्यानं देतो. चाकं! चाकं! हात फोनवर होता. मग बागेतली ती जाळी आठवली. रुंद चाकांना बाजूचा वारा ढकलतो म्हणे, आणि आपल्या किनाऱ्यावर वारा कधी कुठून येईल नेम नाही.

हेल्मेट घेतलं. मागे निमुळतं. शिहोंग म्हणतो, वांगं दिसतंय. दिसू दे.

१८ एप्रिल

आज सासूबाईंबरोबर लांबची फेरी. निघालो बरोबर, पाचव्या वळणानंतर त्या दिसेनाशा झाल्या. नेहमीसारखं. मी परत आले तेव्हा त्यांची आंघोळ होऊन अंड्याच्या पोळ्यांचं पीठ भिजवून झालं होतं. इतकं सगळं लावलं सायकलला आणि तरी!

नाही. निराश व्हायचं नाही. मी माझ्या मागच्या वर्षीपेक्षा वेगात आहे. घड्याळ खोटं बोलत नाही.

२५ एप्रिल

सामान लावून झालं. सायकल जमा केली. जाताना कुरकुऱ्यांचा हिरवा पुडा सीटखाली बांधला. चष्म्याच्या दुकानात यंत्रावर ठेवतो तसाच, म्हणजे यंत्र शहाण्यासारखं वागतं. सासूबाईंनी उलटा करून तारीख तपासली. मुदत संपलेला पुडा लावला तर यंत्र रुसतं. मुदत होती. मग म्हणाल्या, हा मागे फडफडणार, तुझा फुकटचा वेग जाणार. खरंच की! सोडवला आणि आम्ही दोघींनी मिळून खाल्ला. आता पोटात आहे, चालेल ना?

त्या उद्या दक्षिणेचा वारा सांगतायत. म्हणजे जाताना पाठीवर, येताना तोंडावर.

मला भंगारगाडीचं स्वप्न पडू नये.

२६ एप्रिल, रविवार

मी पोहोचले!!!

लिहिता येत नाहीये, बोटं सुजलीत, तरी लिहिणार. पदक गळ्यातच आहे, आंघोळीलाही काढलं नाही.

पोहणं झालं, ठीक. सायकलवर बसले आणि पाठीवर वारा — उडत गेले! समुद्र उजव्या हाताला, मी गाणं म्हणत होते. वळणाला पोहोचले तेव्हा वेळ हातात होती. वळले आणि थप्पड बसली. काय वारा! डोळ्यांत वाळू. दांड्यावर वाकले, वांगं खाली घातलं, तरी सायकल पुढे जाईना. मनात भंगारगाडीची घरघर सुरू झाली.

आणि मग समोर, थोड्याच अंतरावर — फुलाफुलांच्या बाह्या! सासूबाई! ज्या मला पाचव्या वळणानंतर कधी दिसल्या नाहीत त्या माझ्यापुढे, इतक्या जवळ! दमल्या! मी त्यांना पकडलं! अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. पुढच्याच्या मागे बारा मीटर सोडून राहायचं असा नियम, पंच स्कूटरवरून शिट्टी वाजवत फिरतात. मी बारा मीटरवर चिकटले ती चिकटलेच. चढावर वाटलं, आता गेल्या. नाही गेल्या. मी पाणी प्यायला हळू झाले, तरी त्या तिथंच. मनात म्हटलं, आई, आज तुम्हाला सोडत नाही. एकदाही मागे बघितलं नाही त्यांनी. ताठ बसलेल्या, सगळा वारा अंगावर घेत. म्हटलं बघा, दांडा नाही ना, म्हणून दमल्या!

वेळ संपायच्या आत सायकल टेकवली. थोडीच मिनिटं होती, पण होती! मग पळणं कसलं, चालले, रडले, हसले, पोहोचले.

सासूबाई त्यांच्या वयोगटात चौथ्या. पहिल्या तिघींना काचेचं फूल देतात. दुकानात दुधाच्या पातेल्यांवरच्या फळीवर दर वर्षीचं एक ठेवलेलं असतं, यंदाचं नाही. रात्री जेवताना मी म्हणालेच, "आई, यंदा पकडलंच तुम्हाला. वय कुणाला चुकलंय!"

"हो ना," त्या म्हणाल्या, "त्या सोन्याच्या स्क्रूंपुढे माझं काय चालणार." आणि माशाचा गालाकडचा तुकडा माझ्या वाडग्यात घातला.

२८ एप्रिल

दिवसभर हवेत आहे. चष्मा घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. एका आजोबांना डोळे तपासताना पूर्ण शर्यत ऐकवली. क्लबच्या गटावर मोठा हिशेब टाकला — कमी पैशात सायकलला काय लावावं आणि कशानं किती वेळ वाचतो. दांड्याला सर्वांत जास्त दिला, मग बसणं, मग टायर, पोशाख, हेल्मेट. स्क्रूंना लाजेकाजेस्तव एक मिनिट. खाली लिहिलं, 'एवढं लावलं की त्रेसष्ट वर्षांची सासूसुद्धा हाती लागते!' लोक हसतायत. कुओनं दुकानात माझा फोटो लावला.

३० एप्रिल

आज सकाळी दुकानात मदतीला उतरले होते. मासळीबाजारातली मेइचिन न्याहारीला आली. ती रविवारी वळणावरच्या टेबलाशी पाणी वाटायला होती. सासूबाई मागे दूध गाळत होत्या. मेइचिन मला म्हणाली, "तुझ्या सासूनं वैताग आणला गं त्या दिवशी. सायकल टेकवून बसूनच राहिली. तिच्या वयाच्या बायका एकेक करून पुढे निघून गेल्या. मी म्हटलं, काकू, नंबर जाईल, निघा. तर म्हणे, आमची येऊ दे, परतीला वारा फार आहे."

मला पोळी उलटता आली नाही. करपली. सासूबाई आतून ओरडल्या, वास कसला येतोय.

क्लबच्या गटावरचा तो हिशेब पुसून टाकला.