कोरडा ब्रश

३ मार्च

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. तू आता बाप व्हायला निघालास, तरी मी बारक्याच म्हणणार, तक्रार चालणार नाही. आमच्या भावजयबाई कशा आहेत? डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय म्हणजे पडूनच राहायचं, हे तिला माझ्या नावाने दटावून सांग. तूही तिला एकटीला सोडून कुठे हलू नकोस. इकडे सगळं ठीक आहे.

व्हिडिओ कॉलवर बाबा तुला सोडतच नाहीत, माझ्या वाट्याला येतं ते "बरं, ठेवतो". म्हणून हे पत्र. सोबत एक फोटो आहे. पाकिटावर मोठ्या अक्षरांत "वाकवू नये" लिहिलंय. तरीही वाकला असेल तर मला कळवू नकोस, उगाच जीव जळेल.

माझं हे नवं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. लग्नातल्या नवऱ्या नटवून नटवून मी कंटाळले होते. अशात आमचा फोटोग्राफर जुन्या चित्रांचं एक जाडजूड पुस्तक घेऊन आला आणि म्हणाला, "यातली चित्रं जिवंत माणसांवर करू. कॉम्प्युटरची लुडबूड नाही. फक्त रंग, कापड आणि एक खिडकी." मी म्हटलं, तुला वेड लागलंय. आठवड्याभरात मलाही लागलं.

यातली खुबी अशी की माणूस नुसता चित्रातल्यासारखा दिसून भागत नाही, तो रंगवलेला दिसावा लागतो. नाकाच्या एका बाजूचा उजेड मीच रंगवते, दुसऱ्या बाजूचा अंधारही मीच. ब्रशचे फटकारे गालावर तसेच दिसू द्यायचे. शेवटी सगळ्यावर एक पातळ पिवळा हात, कारण जुन्या चित्रांवरचं व्हार्निश काळाने पिवळं पडतं. तो हात दिला की कालपर्यंत जिन्यात भेटणारा माणूस एकदम भिंतीवर टांगल्यासारखा होतो. खालच्या मजल्यावरची नर्स झाली जहाजमालकाची बायको. बेकरीवाला झाला सेनापती. पोट आत घेता घेता बिचाऱ्याच्या नाकी नऊ आले.

कपडे अर्थात बाबांचे. दुकान बंद केल्यापासून मशीनला हात लावणार नाही म्हणत होते, पण मखमलीचे जुने पडदे दिसल्यावर त्यांना राहवलं नाही. सेनापतीच्या कोटाला पाठीतून अस्तर लावत बसले होते. मी म्हटलं, "बाबा, फोटोत पाठ दिसणारच नाही." तर म्हणाले, "तुला नाही दिसणार. घालणाऱ्याला कळेल ना."

पाकिटातला म्हातारा ओळखलास का? खुर्चीत बसलाय, अर्ध्या तोंडावर उजेड, मांडीवर हात टाकून दिल्यासारखे? आपलेच पिताश्री. मूळ चित्र कुणी काढलं ते पुस्तकातही दिलेलं नाही. बाबा स्वतःच म्हणाले, "याच्यासाठी माझ्याइतका फुकटचा माणूस कुठे मिळणार तुला?" प्रदर्शनात लोक या फोटोपुढे सगळ्यांत जास्त थांबतात. किती रंग लावला ते विचारू नकोस. धंद्याचं गुपित असतं.

तू विचारत होतास तो रंगीत चष्मा मोतीबिंदूचा आहे, अजून काही दिवस राहील. बोलणं जड वाटतं ते नव्या कवळीमुळे. बाळ येईपर्यंत इकडचं काही डोक्यात घेऊ नकोस. बाबांनी तसं मला बजावून लिहायला सांगितलंय, म्हणून लिहिते.

तुझी
ताई

१९ एप्रिल

चि. बारक्यास आणि आमच्या छोट्या बाईसाहेबांस,

अनेक अनेक आशीर्वाद. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, हे ऐकून जीव भांड्यात पडला. बाबांनी दोनदा विचारलं, नाक कुणाचं? मी म्हटलं, अजून नाकाला आकारच कुठे आलाय. तर रागावले. मग मशीनवरचं कापड काढलं आणि फ्रॉक बेतायला बसले. एक बाही झाली आहे. हल्ली जरा बसलं की त्यांना थकायला होतं, वय झालं.

तुझं पत्र मिळालं. मी ते बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. "ताई, काय हात आहे तुझा! चांगल्या धडधाकट माणसाचं मढं करून ठेवलंस. फोटो मोठा करून हॉलमध्ये लावलाय. येईल त्याला आधी हा म्हातारा दाखवतो, मग फोनमधले गुबगुबीत बाबा. कुणाचा विश्वासच बसत नाही." बाबा एवढे हसले की ठसका लागला. मला म्हणाले, "जिंकलीस गं."

मला नाही हसू आलं. तो फोटो काढून ठेव. उन्हाने रंग उडतो. आणि तान्ह्या बाळाच्या घरात असलं काही लावतात का? कारण तुला पटेल ते धर, पण काढ. मोठी बहीण सांगतेय म्हणून काढ.

अजून एक. कॉल करायच्या आधी कळवत जा. परवा तू अचानक केलास तेव्हा मी उचलला नाही. बाबांना तयारीला वेळ लागतो.

आणि रजा कधी मिळते तुला? सहज विचारते. मी बाबांना म्हटलं, आता बाळ झालं, आता बारक्याला बोलवू या. तर म्हणतात, "बाळ मान धरू दे." मान धरली की म्हणतील बसू दे, बसलं की म्हणतील चालू दे. जन्मभर गिऱ्हाइकांना "पुढच्या आठवड्यात या" सांगितलेला माणूस, त्याच्याशी तारखेवरून वाद घालून मी हात टेकले.

बाळाचा फोटो पाठव. माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी. लवकर पाठव.

ताई

२७ एप्रिल

बारक्या,

हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. पानांचे फोटो काढून फोनवर पाठवते आहे. पोस्टाइतका वेळ आता नाही. बायको-मुलगी शेजारी नसतील तेव्हा बसून वाच.

तुझ्या हॉलमधल्या फोटोत मेकअप नाही. मेकअप असतो तो कॉलवर.

बाबांना यकृताचा आजार आहे. तो पसरलाय आणि डॉक्टरांच्या हातात काही उरलेलं नाही. मोतीबिंदू नाही. डोळे पिवळे झालेत आणि डोळ्यांना मी रंग लावू शकत नाही, म्हणून रंगीत काचा. कवळी नवी नाही. गालांचे खड्डे भरायला मी हिरड्यांपाशी कापसाचे बोळे बसवते, म्हणून शब्द जड येतात. कातडीचा पिवळेपणा मारायला आधी जांभळट हात द्यावा लागतो, मग त्यांच्या जुन्या रंगाचा, मग गालांवर जरा लाली. तू म्हणतोस "बाबा, काय थाट आहे आज!" ते खूश होतात आणि फोन ठेवल्यावर खुर्चीतच झोपतात. मग ते झोपेत असतानाच मी त्यांचं तोंड पुसते.

मला कसं कळलं ते सांगते. फोटोच्या दिवशीच कळलं. चेहरा उतरलाय हे मला दिसत होतं, पण दुकान बंद झाल्यावर माणूस उतरतोच असं मी धरून चालले होते. अंग सुकलेलं काही दिसत नव्हतं, शर्ट नेहमीसारखे अंगाबरोबर बसत होते. त्या दिवशी गळ्याला रंग लावायचा म्हणून मी त्यांचा शर्ट काढला. आतून बघितलं तर दोन्ही बाजूंनी शिवण आत घेतलेली, तिच्या आत आणखी एक, तिच्याही आत एक. ते बारीक होत गेले तसा शर्ट बारीक करत गेले होते. स्वतःच्या हाताने, आपल्या नेहमीच्या नेटक्या टाक्यांत. सगळे शर्ट, सगळ्या पँटी. मी खालच्या नर्सला वर बोलावलं तेव्हा तिने त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं आणि मला बाहेर घेऊन गेली.

आता जे सांगणार आहे ते सांगायची मला लाज वाटते. नर्सने सांगितल्यावर मी आत आले. बाबा खिडकीत बसले होते. मी सवयीने ब्रश उचलला आणि बघितलं तर लावायला काही नव्हतंच. उजेड खिडकीचा होता, अंधार त्यांच्या गालांतला. पिवळा हात आधीच दिलेला होता. त्या क्षणी मी त्यांना जवळ घ्यायला हवं होतं. मी फोटोग्राफरला म्हटलं, "पडदा जरा आणखी सरकव." तो कॅमेऱ्यामागून बाहेर येईना, त्याला कळलं होतं. मला कळलं असूनही मी बघत होते ते रंग. आज प्रदर्शनात कुणी "काय हात आहे" म्हटलं की मी तिथून उठून जाते. तू तेच लिहिलंस तेव्हा उठून जायला जागाच नव्हती, बाबा समोर बसले होते.

मी तेव्हाच तुला कळवणार होते. बाबांनी माझा हात धरून शब्द घेतला, "बाळ होईपर्यंत त्याला कळता कामा नये. तो धावत येईल आणि तिकडे पोरीला काही झालं तर मी कुठल्या तोंडाने मरू?" मी शब्द दिला. त्यानंतर तुझा पहिला कॉल आला तेव्हा तेच म्हणाले, "तू एवढ्या लोकांना म्हातारं करतेस, मला तरुण कर." तिथून हे सुरू झालं. मला वाटलं होतं एकदोनदा करावं लागेल. बाळ झाल्यावरही ते मला शब्दातून सोडेनात, आणि मीही "बाळ मान धरू दे" ऐकत राहिले. सगळा दोष त्यांच्यावर टाकत नाही. तुला काय तोंडाने सांगायचं ते मलाच सुचत नव्हतं.

काल डॉक्टर घरी येऊन गेले. बाहेर आल्यावर मी विचारलं, भावाला कधी बोलवू? ते म्हणाले, अजून बोलावलं नाहीत? फ्रॉकची दुसरी बाही कापून पडली आहे. काल बाबांना सुईत दोरा ओवता आला नाही. मी ओवून दिला, तर सुई बाजूला ठेवून दिली.

तर आता तुझं काम ऐक. रविवारी तू कॉल कर, ठरल्याप्रमाणे. बाबा खुर्चीत बसतील आणि नेहमीसारखा गाल पुढे करतील. मी रंग लावणार नाही. कोरडा ब्रश फिरवीन. त्यांना आरशातलं आता नीट दिसत नाही. ब्रश तोंडावरून फिरला की झालं म्हणतात. कापूसही ठेवणार नाही, सांगेन की हिरड्या सोलल्यात, आजचा दिवस राहू दे. मध्येच काचा पुसायच्या म्हणून मी त्यांचा चष्मा मागून घेईन. तेव्हा नीट बघून घे. मी पुसायला वेळ लावीन.

दचकू नकोस. हॉलमधला म्हातारा रोज बघतोयस, तोच आहे. "बाबा, काय थाट आहे आज" असं नेहमी म्हणतोस, तसंच म्हण. ते हसतील. बाळाला त्यांच्यासमोर धर, नाक दाखव. रडायचं ते फोन ठेवल्यावर. त्यांच्या तोंडावर इतके दिवस मी रंग चढवला, तुझं तोंड तुलाच सांभाळावं लागेल, तिथवर माझा हात पोचत नाही.

मग निघ. इथे दारात म्हण की ऑफिसच्या कामाने आलो. त्यांना ते खरं वाटणार नाही, पण ते तसं म्हणणार नाहीत.

मी त्यांचं तोंड स्वच्छ पुसून ठेवते.

त्यांना दिलेला शब्द मोडून तुझी वाट बघणारी
ताई